दादाच्या फाइलवरचा शेरा

आमच्या घरात सगळ्या मागण्या लेखी कराव्या लागत. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. पण दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, देव्हाऱ्याखालच्या फळीवर, लाल फितीने बांधलेली एक खाकी फाइल खरोखरच असायची आणि तिच्यावर बाबांच्या सुबक अक्षरात ‘घरगुती’ असं लिहिलेलं होतं. मला नवे बूट हवे असले तर मी अर्ज लिहायचा, जुन्या बुटांची सद्यःस्थिती नमूद करायची, शेवटी ‘आदेशार्थ सादर’ असं लिहून फाइल बाबांच्या टेबलावर ठेवायची. मग वाट बघायची.

बाबा एका मंत्रालयात अधिकारी होते. दिवसभर ते फायलींवर शेरे मारत आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्यावर. त्यांचे शेरे ठरलेले होते. ‘चर्चा करावी’ म्हणजे विसरून जा. ‘पुढील महिन्यात पुन्हा सादर करावे’ म्हणजे थोडी आशा आहे. आणि क्वचित, अगदी क्वचित, ‘सहमत’. त्याखाली छोटी सही आणि तारीख.

एकदा ‘सहमत’ लिहिलं की बाबा मागे फिरत नसत, हे मात्र मान्य केलं पाहिजे. दादा, म्हणजे माझा सात वर्षांनी मोठा भाऊ, एरवी साधासरळ. पण लहान असताना त्याने शेजाऱ्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरी ठेवण्यासाठी अर्ज केला होता. शेजारी दोन दिवसांसाठी मथुरेला चालले होते. दादा अर्जात मुदत लिहायची विसरला, बाबा ऑफिसला जायच्या घाईत ‘सहमत’ लिहून गेले, आणि ते कुत्रं आमच्याकडे चार वर्षं राहिलं. शेवटी शेजाऱ्यांची लखनौला बदली झाली तेव्हा ते आपणहून त्यांच्या ट्रकमध्ये जाऊन बसलं. बाबांनी या काळात त्याला एकदाही हाकललं नाही. सही झाली होती ना!

आईने मात्र त्या फाइलला कधी हात लावला नाही. “माझ्याच घरात मी अर्ज करू? मग भाजीसाठी तुम्ही मला अर्ज करा, मी चर्चा करते,” असं ती म्हणायची. तिचं सगळं लिखाण किराण्याच्या यादीपुरतं होतं. पिठाच्या डब्याला सुतळीने बांधलेली एक बोटभर पेन्सिल होती, तीच तिची लेखणी.

तर अशा घरात, मी दहावीत होते त्या वर्षीच्या जानेवारीत, कॅनडातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. दादा तेव्हा इंजिनिअर होऊन गाझियाबादच्या एका कारखान्यात लागला होता. रोज दोन बसगाड्या बदलून जायचा आणि धुळीने राखाडी होऊन यायचा. त्याला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. फक्त मार्च संपायच्या आत होकार कळवायचा होता आणि त्यासोबत एक हमीपत्र लागत होतं, वडिलांच्या सहीचं.

दादाने चार पानी अर्ज केला. बाबांनी दोन आठवड्यांनी त्यावर लिहिलं, ‘चर्चा करावी’.

आणि चर्चा काही होईना. दादा संध्याकाळी “बाबा, ते कॅनडाचं...” असं म्हणाला की बाबा रेडिओ लावत. सकाळी म्हणाला की कुंड्यांना पाणी घालायला उठत. त्या फेब्रुवारीत आमच्या तुळशीला इतकं पाणी मिळालं की ती कुजली. बाबा ‘नाही’ म्हणाले असते तर दादा भांडला असता, पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? तो दिवसेंदिवस गप्प होत चालला. जेवताना पोळीचे तुकडे करायचा आणि खायचाच नाही.

दादाचं भलं व्हावं म्हणून मी पुढे जे केलं ते केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला बाल्कनी हवी होती.

ही बाल्कनी म्हणजे आमच्या मागच्या अंगाला प्लायवुड आणि काचेची दोन तावदानं लावून केलेली कोंदट जागा. सरकारी नियमांत ती बसत नव्हती, म्हणून बाबा तिला ‘तात्पुरता आडोसा’ म्हणत, गेली अकरा वर्षं. तिथे दादाची खाट होती, टेबल होतं, आणि दार होतं. दार! मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायचे. दिल्लीत सरकारी क्वार्टर असलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे कसे येतात ते ज्याला माहीत आहे त्यालाच माझं दुःख कळेल. साताऱ्याहून कुणी मुलाखतीला यायचं, कुणी मंत्रालयात अडकलेल्या कामासाठी, कुणी वैष्णोदेवीला जाता जाता. प्रत्येकजण माझ्या दिवाणावर झोपायचा आणि मी आतल्या खोलीत, टेबल आणि पत्र्याची ट्रंक यांच्या मधल्या फटीत. दादा गेला की बाल्कनी माझी, एवढा सरळ हिशेब होता.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या मराठी मंडळाची निबंध स्पर्धा जाहीर झाली. वय तेरा ते सतरा. विषय: ‘तरुणांनी परदेशी जाऊन स्थायिक व्हावे का? आपले मत पटवून द्या.’

या स्पर्धेची पूर्वपीठिका सांगायला हवी. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांचं मराठी यथातथाच, त्यामुळे निबंध आईवडीलच लिहून देत. आदल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने ‘माझे बालपण’ या विषयावर लिहिताना इंग्रजांच्या राज्यात पाहिलेल्या पहिल्या मोटारीचं फार हृद्य वर्णन केलं होतं. शिवाय परीक्षक ओळखीतल्या पोरांचं अक्षर ओळखतात, अशीही तक्रार होती. भांडण इतकं पेटलं की कोजागिरीचं दूध अर्ध्या लोकांनी घरीच प्यायलं. म्हणून या वर्षी नवे नियम झाले. निबंध सर्वांसमोर हॉलमध्ये बसून लिहायचा. मग नावं काढून क्रमांक घालायचे आणि सगळे निबंध टाइप करून परीक्षकांना द्यायचे. तीन परीक्षकांत एक होते माझे बाबा.

मला हे कळलं तेव्हा मी दिवाणावर उताणी पडून हसले. अर्ज वाचताना बाबांना रेडिओ लावता येत होता. पण परीक्षकाला निबंध शेवटपर्यंत वाचावाच लागतो.

तयारीसाठी मी दादालाच धरलं. त्याची पहिली काही वर्षं आजीकडे साताऱ्यात गेल्यामुळे त्याच्याकडे शब्द होते, माझ्याकडे नव्हते. मी “कोशिश” म्हणायचे आणि तो “प्रयत्न” म्हणून दुरुस्त करायचा.

“तू कोणत्या बाजूने लिहिणार?” त्याने विचारलं.

“विरोधात. बिल्कुल विरोधात.”

“अच्छा,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. तरीही तो मला शब्द सांगत राहिला. खरं सांगितलं असतं तर तो आडवा आला असता. बाबांना फसवायचं नाही, असं म्हणाला असता. चांगल्या माणसांना कटात घेता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी दोन तास मान वर केली नाही. सुरुवातीला ज्ञान, विज्ञान, अनुभव वगैरे नेहमीचं सामान भरलं. मग एक मुद्दा फक्त माझ्यासाठी घातला: ‘काही तरुण गेल्याने देशातील गर्दी कमी होते आणि मागे राहणाऱ्यांना हवेशीर जागा मिळते.’ आणि मग पानं उरली म्हणून ट्रंकेबद्दल लिहिलं.

आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात एक ट्रंक होती. दोन-तीन वर्षांत परत बदली करून घ्यायची, मग तिकडे घर मांडायचं, म्हणून त्यात चांगली भांडी, घोंगड्या, चादरी बांधून ठेवलेल्या. वर टेबलक्लॉथ, त्यावर फुलदाणी. मी लिहिलं की ही ट्रंक वीस वर्षांत उघडलेली नाही. ‘दोन वर्षांत येतो’ असं आपल्या आईला सांगून जो निघाला तो इथेच राहिला, आणि आता तोच मुलाला म्हणतो की जाऊ नकोस. मुलगा जाणार तो रस्ता वडिलांनीच पाडलेला आहे, फक्त मुलाची गाडी थोडी लांब जाते. एवढं लिहून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शेवट मात्र मी पूर्ण विचार करून केला. निबंधाचा शेवट कवितेने करायचा असतो असं बाईंनी शिकवलं होतं. मी लिहिलं: ‘वरील सर्व बाबी विचारात घेता, सदर तरुणास जाण्याची परवानगी देण्यात यावी. आदेशार्थ सादर.’

टाइप करण्याचं काम मंडळाच्या एका काकांनी घेतलं होतं. ते कुठल्याशा खात्यात हिंदी टायपिस्ट होते आणि त्यांना टाइप करण्याची एकच पद्धत ठाऊक होती. डावीकडे चार बोटं समास, दोन ओळींत भरपूर अंतर आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. त्यांच्या यंत्रावर ‘ळ’ नव्हता, तो त्यांनी सगळीकडे शाईने घातला. अशा रीतीने आम्हा चौदा मुलांच्या भावना सरकारी टिपणं होऊन परीक्षकांकडे गेल्या.

बाबा रविवारी सकाळी निबंध तपासायला बसले. मी समोर परातीत मटार सोलत होते. एरवी मटार सोलायला मला तीन हाका माराव्या लागत, पण बाबांच्या ते लक्षात आलं नाही. अकरा नंबरचा, म्हणजे माझा, निबंध हातात घेतल्यावर ते बराच वेळ पान उलटेनात. मग उठले, आतल्या खोलीत गेले. मी मान वाकडी करून पाहिलं. ते ट्रंकेजवळ उभे होते, फुलदाणी थोडी सरळ करत. परत येऊन त्यांनी पेन उघडलं, काहीतरी लिहिलं आणि पुढचा निबंध घेतला.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी झडप घातली. गर्दीच्या मुद्द्यासमोर समासात ‘मुद्दा कमजोर’ असं होतं. ट्रंकेच्या परिच्छेदासमोर उभी रेघ आणि ‘हे खरे आहे’. आणि सगळ्यात खाली, जिथे गुण द्यायचे होते तिथे, गुण नव्हतेच. समास, क्रमांक आणि ‘आदेशार्थ सादर’ पाहून त्यांचा हात वीस वर्षांच्या सवयीने आपोआप चालला होता. तिथे लिहिलेलं होतं ‘सहमत’. छोटी सही. तारीख.

मी परातीतले मटार सांडले. एकेक वेचताना मला दिवाणाचा शेवट दिसत होता.

गुण त्यांनी नंतर वेगळ्या कागदावर दिले असावेत, कारण बक्षीस समारंभात पहिला क्रमांक अकरा नंबरलाच होता. समारंभ कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहाच्या हॉलमध्ये होता. ज्येष्ठ परीक्षक म्हणून बाबांनीच पाकीट फोडलं. “क्रमांक अकरा,” ते म्हणाले, “अत्यंत विचारी निबंध. विशेषतः ट्रंकेचा मुद्दा.” समोरच्या खुर्च्यांवर ट्रंकवाल्या घरांनी माना डोलावल्या. मग बाबांनी नाव वाचायला कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचलंच नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव तेच होतं.

“अरे वा, परीक्षकांचीच कन्या!” मागून एक काकू म्हणाल्या. कौतुकाने नव्हे.

बाबा ताठ उभे राहिले. “परीक्षकाच्या घरात बक्षीस जाणार नाही,” ते म्हणाले. “पहिलं बक्षीस दुसऱ्या क्रमांकाला देण्यात यावं.” असा पहिल्या बक्षिसाचा माझा थर्मास एका मुलाला मिळाला, ज्याने ‘मी मायभूमी सोडणार नाही’ असं लिहिलं होतं. तो पुढे न्यू जर्सीला गेला. थर्मास नेला की नाही ते माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा माझ्यापासून दोन सीट पुढे बसले. पण टाइप केलेले निबंध शेऱ्यांसकट ज्याचे त्याला परत मिळाले होते आणि माझा माझ्या पिशवीत होता. घरी आल्यावर मी घरगुती फाइल काढली, दादाच्या अर्जाखाली तो निबंध टाचला आणि अर्जावर लिहिलं: ‘सोबत जोडलेले आदेश पाहावेत.’

दादाने निबंध तेव्हा पहिल्यांदा वाचला. “तू तर विरोधात होतीस ना?”

“मी बाल्कनीच्या बाजूने होते.”

तो हसला. दोन महिन्यांनी हसला. मग मला जवळ ओढून त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि टपली मारून झाल्यावर हात तिथेच ठेवला.

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी फाइल उघडली. दादा दाराशी उभा होता, जेवणाचा डबा हातात धरून. मी खुर्चीमागे.

“ही फसवणूक आहे,” बाबा म्हणाले.

“सही तुमची आहे, बाबा,” मी म्हणाले. आवाज जरा चिरका आला.

“सही निबंधावर केली होती. अर्जावर नाही.”

“मग खोडा ना,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “कुत्र्याच्या वेळी कुठे खोडली होती?”

बाबांनी पेन उचललं. ते त्या ‘सहमत’ शब्दाकडे बघत बसले. चहावर साय धरली. मला पहिल्यांदाच भीती वाटली, बाल्कनी जाईल याची नव्हे. दादा दाराशी उभा होता तो तसाच उभा राहील, बसगाड्या बदलत म्हातारा होईल, याची.

“फाइलवरचं खोडता येत नाही,” शेवटी बाबा म्हणाले. “कुठे आहे तुझं ते हमीपत्र?”

सही झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “ट्रंकेचं तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मी रोज तिच्यावरची धूळ पुसते.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ऑगस्टमध्ये दादा निघाला त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ काढला आणि ट्रंक उघडली. आतून साताऱ्याच्या आजीची घोंगडी काढून दादाला दिली. घोंगडीला डांबराच्या गोळ्यांचा असा वास होता की पालमच्या विमानतळावर लोक आमच्यापासून चार हात लांब उभे होते.

बाल्कनी माझी झाली. पहिले पंधरा दिवस मी तिथे राणीसारखी राहिले. दार लावायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे. साताऱ्याचे पाहुणे आले तर दाराला आतून कडी लावून घोरण्याचं नाटक करायचे. भिंतीवर, खाटेच्या वर, दादाच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. त्यावर मी एक चित्र लावलं.

मग थंडी आली. तावदानांच्या फटींतून वारं यायचं आणि मला कळेना की दादा तिथे इतकी वर्षं माकडटोपी घालून बसायचा कसा. त्याची निळी पत्रं यायची, त्यात बर्फाचं वर्णन आणि ‘सगळं ठीक’. बाबा ती मोठ्याने वाचत आणि वाचून झाल्यावर तारखेप्रमाणे लावून ठेवत. आई चार पोळ्या जास्तच करायची आणि सकाळी त्या कुस्करून फोडणी द्यायची. एकदा शाळेचा निबंध लिहिताना मला एक शब्द अडला. “दादा, ‘इंतज़ार’ला काय म्हणतात?” असं मी मोठ्याने विचारलं. मग माझं मलाच लक्षात आलं. मी डागावर लावलेलं चित्र उतरवून ठेवलं.

मला दादाची फार आठवण येत होती. हे तोंडाने सांगण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. म्हणून मी फाइल काढली.

‘विषय: बाल्कनी परत करण्याबाबत,’ मी लिहिलं. ‘एक, सदर बाल्कनी अर्जदारास फार मोठी होते. दोन, तेथे वारे येते. तीन, अर्जदाराने मागील वर्षी सादर केलेला निबंध स्वार्थी हेतूने लिहिलेला होता, तो मागे घेण्यात यावा. तरी दादास परत बोलावून बाल्कनी त्याच्या ताब्यात देण्यात यावी. आदेशार्थ सादर.’

बाबांना साध्या बुटांच्या अर्जाला तीन आठवडे लागत. ही फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर होती.

‘सहमत,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘तथापि हा विषय आता या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.’ छोटी सही. तारीख.

आणि त्याच्या खाली, पिठाच्या डब्याच्या पेन्सिलने, आईच्या अक्षरात, आणखी एकदा: ‘सहमत.’